शिस्त कोणासाठी? : जपानी ‘दो’-परंपरेतील व्यक्तिगत नीती आणि अभिजात अंतराळसाहसकथा

सारांश

चहाविधी, नोह नाट्य, ज्युदो, धनुर्विद्या या जपानी कलांच्या मुळाशी ‘दो’ म्हणजे ‘मार्ग’ ही संकल्पना आहे. कलेचा सराव हा चारित्र्यघडणीचा सराव होय, असे ती मानते. १९२० ते १९५० या काळात अमेरिकेतील स्वस्त मासिकांतून बहरलेल्या अंतराळसाहसकथांचा नायकही शिस्तबद्ध, निर्लोभ आणि आत्मसंयमी असतो. एक परंपरा अभिजात आणि दुसरी निव्वळ करमणूक म्हणून समीक्षेने दूर ठेवलेली असली, तरी दोहोंपुढील नैतिक प्रश्न एकच आहे : स्वतःवर विजय मिळवलेल्या माणसाच्या हाती आलेले सामर्थ्य कोणासाठी वापरले जाते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे दोन्ही परंपरांची तौलनिक चिकित्सा केली आहे.

बीजसंज्ञा : दो, काता, बुशिदो, अंतराळसाहसकथा, लेन्समन, यामातो, व्यक्तिगत नीती.

१. प्रास्ताविक

साहित्य आणि कला यांच्या अभ्यासात ‘अभिजात’ व ‘लोकप्रिय’ अशी विभागणी दीर्घकाळ रूढ आहे. मराठीपुरते बोलायचे तर जपानी कलादृष्टीचे स्वागत येथे आदराने झाले. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू हे त्याचे ठळक उदाहरण होय. याउलट बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाड यांसारख्या नायकांनी वाचकांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाचनाकडे वळवल्या, तरी त्या रहस्यकथांची गंभीर चिकित्सा फारशी झाली नाही. ज्याचा आस्वाद घेतला जातो आणि ज्याचा अभ्यास केला जातो, त्या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या.

हीच फाळणी इंग्रजी वाङ्मयविश्वातही दिसते. ‘स्पेस ऑपेरा’ ही संज्ञा विल्सन टकर यांनी १९४१ मध्ये योजली, ती गौरवासाठी नव्हे तर हेटाळणीसाठी. घासून गुळगुळीत झालेल्या, गल्लाभरू अंतराळकथांना उद्देशून ती होती. त्याच समाजात जपानी चहाविधी, झेन आणि धनुर्विद्या यांच्याविषयी मात्र गूढ आदर वाढत गेला. एकाच वाचकाच्या कपाटात दोन्ही प्रकारची पुस्तके असू शकतात. परंतु पहिल्यांविषयी तो संकोचाने बोलतो आणि दुसऱ्यांविषयी अभिमानाने. हा संकोच आणि हा अभिमान दोन्ही तपासून पाहण्याची गरज आहे. ज्याविषयी संकोच वाटतो ते साहित्य निव्वळ पोकळ नाही आणि ज्याविषयी अभिमान वाटतो ती परंपरा इतिहासात निष्कलंक राहिलेली नाही.

२. विवेचनाची भूमिका व व्याप्ती

एका बाजूला प्रत्यक्ष आचरणाची परंपरा आणि दुसऱ्या बाजूला कल्पित कथा अशी तुलना विषम आहे, असा आक्षेप घेता येईल. तथापि ‘दो’-परंपरेने ग्रंथरूपानेही आपली भूमिका मांडलेली आहे आणि साहसकथांनी किशोरवयीन वाचकांच्या मनात धैर्य, निष्ठा व त्याग यांची पहिली प्रतिमा घडवलेली आहे. आदर्श माणूस कसा असावा, याविषयी दोन्ही परंपरा काही सांगतात, आणि तुलनेसाठी एवढी समान भूमी पुरेशी आहे. साहसकथांपैकी मुख्यतः ई. ई. स्मिथ यांची ‘लेन्समन’ मालिका विचारात घेतली असून, जपानने हा कथाप्रकार आत्मसात केल्यावर त्यात कोणता पालट झाला, याकडे विशेष लक्ष दिले आहे.

३. ‘दो’ : कलेच्या सरावातून माणूस

चहाची ती ‘चादो’, फुलांच्या रचनेची ती ‘कादो’, सुलेखनाची ती ‘शोदो’, धनुष्याची ती ‘क्युदो’. या नावांतील ‘दो’ हा शब्द कलेला मार्ग ठरवतो. मार्गावर मुक्कामाला जितके महत्त्व, तितकेच चालण्याच्या रीतीलाही असते. म्हणूनच या कलांत ‘काता’ म्हणजे ठरावीक आकृतिबंध केंद्रस्थानी आहे. शिकणारा प्रथम काता जसाच्या तसा पाळतो, पुढे तो मोडून पाहतो आणि अखेरीस त्याच्या पलीकडे जातो. ‘शु-हा-री’ या त्रयीने हा प्रवास सांगितला जातो. स्वातंत्र्य येथे शिस्तीच्या विरोधात उभे राहत नाही. शिस्त अंगात पूर्ण मुरल्यावर ते मिळते.

नोह नाट्याचा थोर आचार्य झेआमी याने पंधराव्या शतकाच्या प्रारंभी नटाच्या घडणीचे जे विवेचन केले, त्यात हा विचार सूक्ष्मपणे आला आहे. सातव्या वर्षापासून नटाची तालीम कशी व्हावी, हे तो वयोमानानुसार सांगतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे रूप आणि आवाज प्रेक्षकांना मोहवतात. परंतु ते वयाचे, काळाचे फूल आहे, खरे फूल नव्हे, असा इशारा तो देतो. टाळ्या मिळाल्या म्हणजे कला साधली, असे मानणारा नट तेथेच संपतो. प्रत्येक टप्प्यावर आपल्या आरंभीच्या अवस्थेचे स्मरण ठेवावे, असा झेआमीचा आग्रह आहे. ही सूचना अभिनयाच्या तंत्राविषयी आहे, तशीच ती अहंकाराविषयीही आहे.

सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने चहाविधीला दिलेले रूप याहून अधिक थेट नैतिक आहे. चहागृहाचे ‘निजिरिगुची’ हे दार इतके लहान व बुटके असते की प्रत्येकाला वाकून, जवळजवळ रांगत आत जावे लागते. तलवार बाहेर टांगून ठेवायची. आत सरदार आणि व्यापारी एकाच चटईवर बसतात. क्योतोनजीकच्या यामाझाकी येथील ‘ताइआन’ हे रिक्यूच्या नावाशी जोडलेले चहागृह अवघ्या दोन तातामी चटयांचे आहे. त्याच काळात रिक्यूचा आश्रयदाता, सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने सोन्याने मढवलेले चहागृह करवून घेतले होते. या दोन खोल्यांतील अंतर केवळ अभिरुचीचे नाही. एका खोलीत सत्ता दाराबाहेर ठेवावी लागते. दुसरीत सत्ता हीच पाहण्याची वस्तू असते. १५९१ मध्ये हिदेयोशीने रिक्यूला आत्महत्येचा आदेश दिला. त्यामागील नेमके कारण आजही वादग्रस्त आहे. मात्र चहागृहातील समता त्या दाराबाहेर किती दुबळी होती, हे त्या घटनेने दाखवून दिले.

आधुनिक काळात कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनी हा विचार शिक्षणाच्या भाषेत मांडला. १८८२ मध्ये तोक्योतील एका बौद्ध मंदिरात त्यांनी कोदोकान ही संस्था सुरू केली आणि जुन्या ‘ज्युजुत्सु’तील ‘जुत्सु’ म्हणजे तंत्र हा शब्द बदलून ‘दो’ हा शब्द स्वीकारला. शरीर-मनाच्या शक्तीचा उत्तम विनियोग हे त्यांचे पहिले सूत्र. १९२२ च्या सुमारास त्यांनी ठळकपणे मांडलेले दुसरे सूत्र म्हणजे स्वतःची व इतरांची एकत्रित भरभराट. पहिले सूत्र साधकाला कार्यक्षम करते. दुसरे त्या कार्यक्षमतेला दिशा देते. प्रतिस्पर्धी नसेल तर ज्युदोका शिकूच शकत नाही, म्हणून समोरच्याची सुरक्षितता हा सरावाचाच भाग ठरतो. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने हे दुसरे सूत्र अत्यंत महत्त्वाचे आहे, कारण पुढील इतिहासात सर्वाधिक विसर पडला तो त्याचाच.

४. साधना आणि सत्ता

नितोबे इनाझो यांचे ‘बुशिदो’विषयीचे प्रसिद्ध पुस्तक १९०० मध्ये अमेरिकेत इंग्रजीतून प्रकाशित झाले. जपानी शाळांत धर्मशिक्षण नसेल तर नीती कशी शिकवली जाते, असा प्रश्न एका बेल्जियन विद्वानाने विचारला आणि त्याचे उत्तर शोधताना आपल्याला बुशिदो सापडला, असे नितोबे प्रस्तावनेत सांगतात. सामुराईंच्या आचारसंहितेचे जे सुसंगत, उदात्त रूप जगाला परिचित आहे, त्याचा मोठा भाग या पुस्तकाने घडवलेला आहे. सामुराई वर्ग नष्ट झाल्यानंतर, ख्रिस्ती झालेल्या एका विद्वानाने, परकीय वाचकांसाठी केलेली ही मांडणी होती, ही बाब नजरेआड करून चालणार नाही.

‘हागाकुरे’ या ग्रंथाचेही तसेच आहे. मृत्यूला सदैव सामोरे राहण्याचा उपदेश करणारे यामामोतो त्सुनेतोमो यांचे हे विचार अठराव्या शतकाच्या आरंभी, दीर्घ शांततेच्या काळात शब्दबद्ध झाले. विसाव्या शतकात, १९३० नंतरच्या लष्करी राजवटीत, त्याच विचारांचा उपयोग तरुणांना मरणासाठी सिद्ध करण्याकडे झाला. शाळांतून युद्धकलांचे शिक्षण लष्करी तयारीशी जोडले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तांच्या ताबा-प्रशासनाने शाळांतील युद्धकलांवर बंदी घातली, ती याच पार्श्वभूमीवर. झेन पंथातील अनेक आचार्यांनी युद्धाला दिलेल्या पाठिंब्याची चर्चा ब्रायन व्हिक्टोरिया यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात साधार केली आहे.

जर्मन तत्त्वज्ञ ओयगेन हेरिगेल यांचे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. १९२४ ते १९२९ या काळात सेन्दाइ येथे अध्यापन करत असताना त्यांनी आवा केन्झो यांच्याकडे धनुर्विद्येचे धडे घेतले आणि १९४८ मध्ये झेन व धनुर्विद्येवरील आपले छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. बाण सोडणारा ‘मी’ विरघळून जाण्याचा अनुभव त्यात वर्णिला आहे. हे पुस्तक जगभर गाजले. त्यात मात्र एका गोष्टीची नोंद नाही : हेच हेरिगेल १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले होते. गुरू-शिष्यांतील संवादात दुभाष्यामुळे व आकलनामुळे किती भर पडली असावी, हे यामादा शोजी यांच्या संशोधनाने पुढे दाखवले. परंतु भाषांतराचा प्रश्न बाजूला ठेवला तरी नैतिक प्रश्न उरतोच. ‘मी’ विरघळल्याचा दावा करणारा माणूस राजकारणात ‘आपण’ आणि ‘ते’ ही भिंत मात्र शाबूत ठेवू शकतो.

याचा अर्थ ‘दो’-परंपरा खोटी ठरते असा नाही. मात्र आत्मसंयम हा सद्गुणांचा पाया असला तरी तो सर्व सद्गुणांची हमी देत नाही, एवढे यातून निश्चित होते. धारदार शस्त्राप्रमाणे शिस्तही कोणाच्याही कामी येऊ शकते.

५. अंतराळसाहसकथेचा नायक : अढळ चारित्र्य, अमर्याद अधिकार

ह्यूगो गर्न्सबॅक यांचे ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक एप्रिल १९२६ मध्ये सुरू झाले. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या हलक्या कागदावर छापल्या जाणाऱ्या अशा मासिकांना ‘पल्प’ हे नाव त्या कागदामुळे पडले. ई. ई. स्मिथ (१८९०–१९६५) हे व्यवसायाने अन्न-रसायनतज्ज्ञ. त्यांची ‘स्कायलार्क ऑफ स्पेस’ ही कादंबरी १९२८ मध्ये याच मासिकात क्रमशः आली आणि कथेचे क्षेत्र सूर्यमालेबाहेर गेले. १९३७ पासून ‘अस्टाउंडिंग’ मासिकात त्यांची लेन्समन मालिका येऊ लागली.

या मालिकेतील ‘लेन्स’ हे मनगटावर धारण करावयाचे तेजस्वी भिंग आरिशिया ग्रहावरील अतिप्रगत जीव देतात. ते एकाच व्यक्तीशी जुळलेले असते; दुसऱ्या कोणी ते धारण केल्यास त्याचा मृत्यू ओढवतो. ज्याला लोभ, भय किंवा सत्तामोह विचलित करू शकत नाही, अशालाच लेन्स मिळते. नायक किम्बल किनिसन हा कठोर प्रशिक्षणातून निवडला गेलेला आहे. पुढे आपली तयारी अपुरी असल्याचे ओळखून तो स्वतःहून पुन्हा आरिशियाकडे जातो आणि अधिक खडतर शिक्षण घेतो. शत्रूच्या हाती पडल्यावर तो डोळे आणि हातपाय गमावतो, पण बधत नाही. लोकप्रिय कथेचा नायक म्हणून त्याला सहज हसता येत असले, तरी त्याच्या ठायी असलेली साधकवृत्ती नाकारता येत नाही.

स्मिथ यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. किनिसनच्या बरोबरीचे श्रेष्ठ लेन्समन मानवी देहाचे नाहीत. वर्सेल हा अक्राळविक्राळ, ड्रॅगनसदृश जीव आहे. नॅड्रेक हा अतिशीत ग्रहावरील, स्वभावाने भित्रा म्हणावा असा जीव आहे. देहाच्या परकेपणावरून माणसाची किंमत करू नये, हा धडा त्या काळातील अमेरिकन किशोराला एका साहसकथेने दिला. मात्र याच मालिकेत स्त्रीला लेन्स जवळजवळ नाकारलेली आहे आणि नायक-नायिकेचा विवाह हा आरिशियन जिवांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या वंशसुधारणेच्या योजनेचा शेवटचा टप्पा ठरतो. तेव्हा पात्रता ही अर्धी साधनेने आणि अर्धी रक्ताने येते.

सर्वांत लक्षणीय आहे तो राखाडी गणवेश. श्रेष्ठ लेन्समनला ‘मुक्त’ केले जाते. त्याच्यावर वरिष्ठ नाही, त्याच्याकडून हिशेब मागितला जात नाही, आकाशगंगेतील कोणतीही साधनसामग्री तो मागू शकतो. तो केवळ स्वतःच्या विवेकाला उत्तरदायी असतो. येथे व्यक्तिगत नीतीचा विचार आपल्या टोकाला पोहोचतो : माणूस पुरेसा शुद्ध असेल तर त्याच्यावर कोणताही अंकुश नको. रिक्यूच्या बुटक्या दाराशी ही कल्पना ताडून पाहिल्यास दोहोंतील भेद स्पष्ट होतो. चहागृहाचे दार कोणाच्याही चारित्र्याची परीक्षा घेत नाही. ते सर्वांनाच वाकायला लावते. लेन्स ज्याची परीक्षा घेते, त्याला पुढे कधीच वाकावे लागत नाही.

६. जार्नेव्हॉन आणि गामिलास

ही निर्बंधता कोठे घेऊन जाते, हे ‘ग्रे लेन्समन’च्या (१९३९–४०) शेवटी दिसते. शत्रूचा बालेकिल्ला असलेला जार्नेव्हॉन हा ग्रह नष्ट करण्यासाठी किनिसनच्या योजनेनुसार विरुद्ध गतीचे दोन ग्रह त्याच्या दोन्ही बाजूंना आणले जातात आणि अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा तो मधोमध भरडला जातो. वर्णन थरारक आहे. प्रमाणांची भव्यता वाचकाला खिळवून ठेवते. तथापि त्या ग्रहावर शत्रूच्या सर्वोच्च मंडळाखेरीज आणखी कोण होते, हा प्रश्न कथेत उद्भवत नाही. ‘एकजात दुष्ट’ असे एका जीवजातीचे वर्णन झाल्यावर तिच्या संहारात खेदाला जागा उरत नाही. नायकाचे चारित्र्य जितके निष्कलंक, तितका त्याचा हात निःशंक.

ही कथा प्रसिद्ध झाल्यानंतर सहा वर्षांच्या आत हिरोशिमा व नागासाकी ही शहरे अणुबॉम्बने उद्ध्वस्त झाली. साहसकथेने ते घडवले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु त्या राखेतून उभ्या राहिलेल्या समाजाने जेव्हा हाच कथाप्रकार हाती घेतला, तेव्हा त्यात काय बदलले, हे पाहणे उद्बोधक आहे.

जपानमध्ये हायाकावा प्रकाशनाचे विज्ञानकथांना वाहिलेले मासिक १९५९ च्या अखेरीस सुरू झाले. एडमंड हॅमिल्टन यांच्या ‘कॅप्टन फ्यूचर’ कथा नोदा मासाहिरो यांच्या अनुवादांतून तेथील वाचकांपर्यंत पोहोचल्या आणि १९७८ मध्ये त्यांवर चित्रवाणी-मालिका झाली. लेन्समनवर आधारित जपानी ॲनिमेशनपट १९८४ मध्ये आला. म्हणजे हा निव्वळ प्रभावाचा प्रश्न नव्हता. तेथे या कथांवर मनापासून प्रेम केले गेले.

ऑक्टोबर १९७४ मध्ये सुरू झालेली ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ ही चित्रवाणी-मालिका याच परंपरेतील आहे. गामिलास ग्रहाच्या किरणोत्सारी माऱ्याने पृथ्वी मरणपंथाला लागली आहे. १९४५ मध्ये बुडालेल्या यामातो युद्धनौकेच्या सांगाड्यातून उभारलेले यान मुक्तीचे साधन आणण्यासाठी १,४८,००० प्रकाशवर्षे दूर निघते. युद्धस्मृतीचे हे पुनरुज्जीवन काही अभ्यासकांना आक्षेपार्ह वाटते आणि तो आक्षेप गैरलागू नाही. परंतु चोविसाव्या भागात, गामिलासचा संपूर्ण विनाश झाल्यानंतर, नायक कोदाइ विजयाचा जल्लोष करत नाही. भग्न नगरीकडे पाहत तो खचतो. लहानपणापासून स्पर्धा करा, जिंका असेच शिकवले गेले. मग हरणाऱ्याचे काय, असा प्रश्न त्याला पडतो. लढण्याऐवजी परस्परांवर प्रेम करायला हवे होते, या जाणिवेने तो कोसळतो.

जार्नेव्हॉन आणि गामिलास यांतील अंतर हे दोन नायकांच्या चारित्र्यातील अंतर नाही. किनिसन आणि कोदाइ दोघेही शूर, निष्ठावंत व शिस्तबद्ध आहेत. अंतर आहे ते दृष्टीच्या कोनाचे. ज्या समाजाने आपली शहरे वरून आलेल्या संहारात गमावली, त्याच्या कथेत नायकाला ढिगाऱ्याच्या पातळीवर उतरावे लागते. पुढे तानाका योशिकी यांच्या ‘आकाशगंगेतील वीरांची आख्यायिका’ (१९८२–१९८७) या दहा खंडांच्या कादंबरीत यांग वेन-ली हा सेनानी तर मूळ वृत्तीने इतिहासाचा अभ्यासक आहे. तो लढाया जिंकतो, पण युद्ध व देशभक्तीच्या घोषणांकडे सदैव संशयाने पाहतो. शिस्त आणि शंका एकाच व्यक्तीत नांदू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

७. खालून पाहण्याची नीती : कुरोसावा

या दोन परंपरांचा सर्वांत परिचित संगम जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) झाला. ‘फ्लॅश गॉर्डन’चे हक्क न मिळाल्याने लुकास यांनी स्वतःची अंतराळकथा रचली आणि तिच्या मांडणीसाठी अकिरा कुरोसावा यांच्या ‘हिडन फोर्ट्रेस’चा (१९५८) आधार घेतला. सेनापती आणि राजकन्या यांची कथा दोन क्षुद्र, लोभी शेतकऱ्यांच्या नजरेतून सांगण्याची कुरोसावा यांची युक्ती दोन यंत्रमानवांच्या रूपाने त्यांनी उचलली. मात्र उचलली ती निवेदनाची युक्ती. तिच्यामागील नैतिक दृष्टी पूर्णपणे उतरली नाही. शत्रूचे छोट्या चंद्राएवढे अवकाशस्थानक त्यावरील सर्वांसह नष्ट होते आणि चित्रपट पदकप्रदानाच्या सोहळ्याने संपतो. हा शेवट यामातोचा नसून लेन्समनचा आहे.

कुरोसावा बालपणी केंदो आणि सुलेखन शिकले होते. ‘दो’-परंपरा त्यांना पुस्तकातून कळली नव्हती. म्हणूनच ‘सेव्हन सामुराई’मधील (१९५४) त्यांची चिकित्सा घरातल्या माणसाने केलेली चिकित्सा आहे. अबोल, निष्णात तलवारबाज क्युझो हा ‘दो’चा मूर्तिमंत आदर्श आहे आणि दिग्दर्शक त्याच्याकडे आदराने पाहतो. परंतु चित्रपटातील निर्णायक वक्तव्य त्याच्या तोंडी नाही. ते आहे किकुचियोच्या तोंडी, जो शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला, शिस्त नसलेला, आगाऊ माणूस आहे. शेतकऱ्यांनी मारलेल्या सामुराईंची चिलखते सापडल्यावर इतर संतापतात. तेव्हा तो त्यांना सुनावतो : शेतकरी लबाड, भित्रे, खुनशी आहेत हे खरे, पण त्यांना तसे केले कोणी? गावे जाळणारे, धान्य लुटणारे, बायकांची विटंबना करणारे सामुराईच ना? शिस्तीचा अभिमान बाळगणाऱ्या वर्गापुढे त्या शिस्तीची झळ सोसलेला माणूस उभा राहतो आणि इतर सामुराई निरुत्तर होतात.

शेवटी सातांपैकी तिघे उरतात. चौघांच्या थडग्यांकडे पाहत त्यांचा नायक विजय शेतकऱ्यांचा झाला, आपला नव्हे, अशी कबुली देतो. पराक्रमाचे फळ पराक्रम करणाऱ्याला मिळत नाही आणि मिळूही नये, हा विचार कानो यांच्या दुसऱ्या सूत्राच्या जवळ जाणारा आहे.

८. रसास्वाद आणि विवेक

येथे एक व्यावहारिक प्रश्न उपस्थित होतो. जार्नेव्हॉनचा संहार नैतिकदृष्ट्या अस्वीकारार्ह असेल, तर ती कथा आनंदाने वाचणे योग्य आहे काय? कडक उत्तर ‘नाही’ असे येईल. ते स्वीकारल्यास हेरिगेल यांचे पुस्तकही बाजूला ठेवावे लागेल, हागाकुरेही आणि जगातील बहुतेक वीरकाव्येही. दुसरे, सैल उत्तर असे की करमणुकीला नीतीचे निकष लावूच नयेत. ते अधिक घातक आहे. कारण ज्याकडे करमणूक म्हणून दुर्लक्ष केले जाते, तेच मनात नकळत मुरते.

या दोहोंमधील वाट साहसकथेच्या अंतर्गत परंपरेतच सापडते. ली ब्रॅकेट यांनी १९४९ पासून रंगवलेला एरिक जॉन स्टार्क हा नायक पल्प मासिकातलाच आहे. परंतु परग्रहावरील मूळ रहिवाशांनी वाढवलेला असल्याने त्याची सहानुभूती वसाहत करणाऱ्या पृथ्वीवासीयांकडे नसून त्या रहिवाशांकडे आहे. याच ब्रॅकेट यांनी ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) या चित्रपटाच्या पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. या कथाप्रकारावर प्रेम करणाऱ्यांनीच त्याला प्रश्न विचारले. तुच्छतेने दूर उभे राहिलेल्यांना ते सुचले नाहीत.

आस्वाद आणि चिकित्सा ही एकाच वाचनाची दोन अंगे होत. विश्वाच्या अफाट पसाऱ्यापुढे वाटणारे विस्मय हे साहसकथेचे खरे देणे आहे आणि त्यासाठी संकोचण्याचे कारण नाही. तो विस्मय अनुभवतानाच, भरडल्या गेलेल्या ग्रहावर कोण राहत होते, हे विचारण्याची सवय मात्र लागली पाहिजे. महाविद्यालयीन अध्यापनात या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. शिस्त, एकाग्रता, व्यक्तिमत्त्वविकास यांचे पाठ देताना जपानी कलांचे दाखले सहजपणे दिले जातात. त्यांच्याबरोबर त्या शिस्तीचा इतिहासही सांगितला गेला नाही, तर विद्यार्थ्याच्या हाती तलवार येईल. ती दाराबाहेर ठेवण्याची रीत मात्र येणार नाही.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) जपानी ‘दो’-परंपरा आणि अभिजात अंतराळसाहसकथा या दोहोंत आत्मसंयमी, निर्लोभ व्यक्तीचा आदर्श समान आहे. ‘अभिजात’ आणि ‘लोकप्रिय’ या विभागणीमुळे हे साम्य दुर्लक्षित राहिले.

२) व्यक्तिगत शिस्त आपोआप नीतीत परिणत होत नाही. लष्करी राजवटीतील बुशिदो, हेरिगेल यांचे चरित्र आणि लेन्समनचा निरंकुश अधिकार या तिन्ही गोष्टी तेच दाखवतात.

३) शिस्तीला नैतिक अर्थ प्राप्त होतो तो इतरांच्या संदर्भात. रिक्यूचे बुटके दार, कानो यांचे परस्परहिताचे सूत्र आणि किकुचियोचा संताप ही त्या संदर्भाची तीन रूपे होत.

४) युद्धोत्तर जपानने अंतराळसाहसकथा स्वीकारताना विजयाच्या क्षणी शोकाला जागा दिली. हा बदल आशयाचा असून तो समीक्षेच्या दखलीस पात्र आहे.

स्वतःला जिंकणारा माणूस थोर खरा. परंतु त्या विजयानंतर तो कोणाच्या बाजूला उभा राहतो, यावरच त्याच्या साधनेचे मोल ठरते.